एकच गोल निवडा

हल शहरात, हंबरच्या चहासारख्या पाण्याकडे पाठ करून
मी फॉर्म बांधते.
घरं बांधतात तसे नाही. दारं म्हणा फार तर:
किती उंचीच्या माणसानं आत यावं,
आणि किती वाकून.

वजनाच्या चौकटीत फक्त आकडे.
तीनशेच्या वर गेलं की लाल ओळ, पुन्हा तपासा.
कारण मागल्या वर्षी कुणीतरी ७२चे ७२० केले
आणि एक म्हातारा आठवडाभर
म्हशीएवढा होऊन बसला आमच्या तक्त्यात.
तारखेला कॅलेंडर.
इथली माणसं आधी दिवस लिहितात
आणि ज्यांच्याकडून सॉफ्टवेअर घेतलं ते अमेरिकन आधी महिना;
३/४ला नेमकं कोण कधी पडलं
यावर आमच्या दोन मीटिंगा झाल्या, बिस्किटं संपली.

अभ्यास पडण्याचाच आहे.
सत्तरीच्या पुढची माणसं, आपापल्या घरात.

मोकळी जागा देऊ नकोस, कीथनं पहिल्याच दिवशी सांगितलेलं.
जागा दिली की लोक बोलत सुटतात,
बोललेल्याची सरासरी निघत नाही.

म्हणून गोल.
जुन्या मोटारीतल्या रेडिओवरून आलेत हे,
एक बटण खटकन आत, की आधीचं बाहेर.
दोन स्टेशनं एकदम लागत नाहीत.
मला तो खटका आवडायचा.
अजूनही आवडतो, खोटं कशाला बोलू.

प्रश्न सतरावा. घरी कोण असतं?
○ एकटेच
○ कुणीतरी सोबत
तांबडी चांदणी: भरल्याशिवाय पुढे जाता येणार नाही.

मंगळवारी नर्स लोरेनचा फोन, हेसल रोडवरून.
समोर मिसेस ब्लेंकिन, मांडीवर टॅबलेट, चहा निवतोय.
मुलगा समुद्रात पवनचक्क्यांवर असतो,
दोन आठवडे तिकडे, दोन आठवडे घरी.
कुठला गोल दाबू?
मी म्हटलं, आज आहे का घरी?
आज आहे, पण पडल्या तेव्हा
नव्हता. नाही, थांब, होता म्हणतायत.
तो असला की बोळात त्याचे बूट असतात.

मग ती जरा हळू आवाजात म्हणाली,
अशा वेळी आम्ही वरचाच दाबतो गं.
पान पुढे सरकायला हवं ना.

त्या संध्याकाळी मी तक्ता उघडला.
दोनशे सहा माणसं. एकशे त्र्याऐंशी एकटी.
यातली खरोखर एकटी किती
आणि किती नुसती वरच्या ओळीत राहणारी,
कळायला मार्ग नाही.
एकाही चौकटीत चूक नव्हती.
लाल ओळ कुठेच उमटली नव्हती.

(जूनमध्ये दवाखान्यात मीही असाच फॉर्म भरला.
श्रीधर ॲबर्डीनला, शुक्रवारी रात्री येतो, रविवारी जातो.
मी 'सोबत' दाबून मोकळी झाले होते,
क्षणभरही न थांबता.)

आता सतराव्याला गोल नाहीत.
गेल्या चौदा रात्रींत किती रात्री घरी दुसरं कुणी होतं?
आकडा, शून्य ते चौदा.
'माहीत नाही' वेगळं, 'सांगायचं नाही' वेगळं,
आणि खाली, कीथशी तीन आठवडे भांडून,
एक चिंचोळी मोकळी चौकट.
साठ अक्षरं.

पहिल्या महिन्यात आलं ते असं:
मांजर. मांजर. जिन्यावरचा बल्ब.
काही नाही, धन्यवाद.
शेजारीण येते पण तिला मोजायचं का?
आणि मिसेस ब्लेंकिन, लोरेनच्या घाईच्या बोटांनी:
तो असला की घाई होते, पडते. नसला की पडत नाही, पण मग मी

तिथे साठ भरले.

मी मर्यादा दोनशे केली, कीथला न विचारता.
लोरेनला फोन लावला,
उचलला नाही तिनं, राउंडवर असेल.