सप्टेंबर आडनावाची बाई बोटमास्कोप चढते

शनिवारी सहाला, अजून अंधारच,
लीअँड्रीनं अग्निशमन केंद्राच्या मागं गाडी लावली
आणि माझ्या हातात काठी दिली.
म्हातारी समजतेस का गं मला?
ती म्हणाली, नाही आत्या, ही सापांसाठी.

अठ्ठावन्न वर्षं हा डोंगर माझ्या उशाशी.
त्याला मी घड्याळासारखं वापरलं.
मानेवर ढग बसला की वारा सुटणार,
पेट्यांवर ताडपत्री ओढा.
सकाळी त्याची सावली सातव्या ओळीवरून सरकली
की पहिला चहा.
वर काय आहे, हे मला कुणी विचारलं नाही.
मीही कुणाला नाही.

लीअँड्री रविवारी पाहुण्यांना वर नेते.
तिला सगळी शिखरं मीटरांत पाठ.
ते सायमन्सबर्ग, त्या तिकडे जुळ्या,
मी हो हो करते.
आयडाज व्हॅलीतली माणसं अंधारात चालीवरून कळतात,
तसे मला हे डोंगर.

मागच्या उन्हाळ्यात इथं वणवा लागला होता.
खाली आमच्या वाळत्या कपड्यांवर तीन दिवस राख पडत होती.
प्रोटियाची झुडपं अजून काळी, कोळशाच्या हातांसारखी,
बोंडं मात्र उघडी.
आग लागल्याशिवाय बी सुटत नाही, लीअँड्री सांगते.
मी एका बोंडात बोट घालून बघते.
रिकामं.
गेलं ते केव्हाच.

दोन पोरं धावत आम्हाला मागं टाकून गेली,
"मॉर्निंग, मॉर्निंग,"
एकाच्या टोपीवर आमच्या मळ्याचं नाव, सोनेरी दोऱ्यात.

त्या मळ्यात माझ्या बापाला मजुरीत वाइन मिळायची.
पत्र्याचा मग, दिवसातून पाच वेळा,
पहिला उजाडायच्या आत.
संध्याकाळी तो ओळींमधून घरी यायचा
दोन्हीकडच्या वेलींना हात लावत,
जिन्याचा कठडा धरावा तसा.
आई दारात उभी राहून
त्याच्या पावलांवरून रात्र मोजायची.
म्हणून मी थेंबाला शिवत नाही.
म्हणून मी सरळ चालते.

चढ आता छातीशी आला.
एका खडकावर टेकले, गुडघे चोळले.
आमचं आडनाव सप्टेंबर.
कुणाला तरी त्या महिन्यात जहाजातून उतरवलं,
वहीत लिहिणाऱ्याला महिन्यापलीकडे काही सुचलं नाही.
आजही सप्टेंबरच आहे.
खडकाच्या फटीत एक पिवळं फूल, नखाएवढं.
इकडे वसंत याच महिन्यात येतो,
त्या कारकुनाला हे ठाऊक नसणार,
नवा असेल बिचारा.

आणि मग वर जायला काही उरलंच नाही.
एकदम वारा.
लांब समुद्राची पट्टी, तव्याच्या कडेसारखी.
खाली गाव, ओकच्या झाडांत पांढऱ्या भिंती,
इतकं लहान, की त्यात कुणी कुणाला
फाटकाबाहेर उभं करत असेल असं वाटेना.
लीअँड्रीनं पक्ष्यांची दुर्बीण दिली.
आत्या, तुझा मळा शोध.

शोधला.
वेली अजून उघड्या, नुसते कोंब,
ओळी विंचरलेल्या केसांसारख्या.
एक सोडून.
सातवी ओळ मधेच डावीकडे झुकते,
थोडी पुढे जाते,
आणि काही आठवल्यासारखी परत येते.

ती माझ्या बापानं लावली होती.

चाळीस हिवाळे मी तिची छाटणी केली.
पहाटे, कात्री घेऊन,
या टोकापासून त्या टोकापर्यंत.

लीअँड्री विचारत राहिली, दिसला का, दिसला का.
मी दुर्बीण तिला दिली नाही.
थर्मासमधला रॉयबॉस कोमट झाला होता.
एक कप मी प्यायले,
दुसरा भरला
आणि बराच वेळ हातात धरून बसले.

उतरताना गुडघ्यांनी फार छळलं.
वाटेच्या कडेची जळकी झुडपं
मी एकेक करून
धरत धरत आले.
दोन्ही तळवे काळे.