चिकटवलेलं पाकीट

पार्सल आलं तेव्हा टेकचंद राइस मिलवर होता.
पोस्टमन म्हणाला, काय मागवलं वो सिस्टर, जड हाये.
मोटरीचा पार्ट, मी म्हटलं.
अगदीच खोटं नव्हतं ते.

लग्नाला अकरा वर्षं. मागितलं त्यानंच होतं,
कोंड्यानं पांढऱ्या झालेल्या पापण्या खाली घालून:
कुलूप माझ्या अंगाला, किल्ली तुझ्या गळ्यात.
मी हसले नाही.
हसले असते तर पुन्हा कधी काही मागितलंच नसतं त्यानं,
ना हे, ना पाणी.
फक्त म्हटलं, आधी माप.

दोरा गुंडाळला, गाठीला शाईची खूण केली,
मग फुटपट्टीवर सरळ धरला.
पार्सल त्या मापानं आलेलं. तरी उघडायच्या आधी
त्याला बसवलं आणि सांगितलं.

मी साकोलीला होते तेव्हा एक माणूस आला होता,
चाळिशीचा, शर्ट इन केलेला.
बेअरिंगची रिंग. तीन दिवस अडकलेली.
पहिल्या दिवशी आला असता तर
बर्फ आणि जेलीवर भागलं असतं.
तिसऱ्या दिवशी कटर मागवलं गॅरेजमधून,
आणि मग नागपूर.
लोखंडानं नाही केलं ते, टेकचंद.
लाजेनं केलं.

म्हणून करंगळी कड्याखालून सहज गेली पाहिजे.
निळसर दिसलं, गार लागलं, मुंग्या आल्या
की मला विचारत बसायचं नाही. काढायचं.
पहिले काही दिवस रात्री तर नाहीच.
आणि रोज धुणं: कोमट पाणी, साधा साबण,
खाचांसाठी मऊ ब्रश, ज्याच्या दांडीवर मी
लाल नेलपॉलिशची रेघ ओढली,
दातांच्या ब्रशांत जाऊ नये म्हणून.
अंग धू, वस्तू धू, दोन्ही वाळव.
धान ओलं भरलं की पोत्यात काय होते
ते मिलवाल्याला मी सांगू?

तो म्हणाला, हाव.
नंतर म्हणाला, आणि थांब म्हणायचं असलं तर?
थांब तर आपण उगाच पण म्हणतो.
तेव्हा शब्द ठरला: तुमसर.
तिथं एकदा त्याची गाडी सुटली होती.
असल्या वेळी तुमसर आठवण्याचं दुसरं काही कारण नाही.

दुसरी किल्ली पाकिटात घातली, डिंकानं बंद केली,
जोडावर माझी सही.
ती त्याच्या डब्याच्या पिशवीत.

वैशाखात मी लसीकरणाला चिचटोल्याला गेलेली.
शेचाळीस डिग्री, टॉवर नाही.
मिलवर दुपारी त्याला मुंग्या आल्या.
चार वेळा फोन लावला म्हणे,
मग मागच्या मोरीत जाऊन पाकीट फोडलं.

संध्याकाळी दारातच उभा,
फाटका कागद हातात,
कोणाच्या वावरातून काही उचलून आणल्यासारखा.
तुझी सही फाटली वो, म्हणाला.

मला काय झालं ते नीट सांगता येत नाही.
आधी हात धुतले.
बॅटरी लावून पाहिलं: कड्याच्या जागी लाली,
कातडी शाबूत, रंग परत आलेला.
लघवीला जळजळ? नाही.
पंधरा दिवस सुट्टी, म्हटलं, सुती घाल, हवा लागू दे.
आवाज दवाखान्यातलाच निघत होता माझा.
मग तो थोडा फाटला, कागदासारखा:
अरे, फोडायसाठीच तर चिकटवलं होतं पाकीट.
तू तसाच दम धरून बसला असतास ना,
तर मी दोन्ही किल्ल्या बोडीत फेकल्या असत्या.

तो खूप वेळ बोलला नाही.
नंतर लाखोळीची डाळ आणि भात जेवलो.
त्यानं दोनदा वाढून घेतलं.

आता ते खिडकीत वाळतंय, धुतलेल्या गाळणीच्या शेजारी.
पुस्तकलाबाई कुंपणावरून विचारतात,
झाली काय वो मोटर दुरुस्त?
एक नंबर मोठा पार्ट मागवला, मी सांगते.

पाकीट नवं केलं आहे. सही तीच.
डिंक यावेळी
जरा कमीच लावला.