दरज

वीस वर्षं गच्च्या बंद करतोय मी.
माझगाव, लालबाग, शिवडीतल्या बीपीटीच्या चाळी.
कोबा फोडायचा, सांधा खरवडायचा, केमिकल भरायचं,
मग चार बोटं पाणी तुंबवून तीन दिवस ठेवायचं
आणि खालच्या बिऱ्हाडात जाऊन छताला हात लावायचा.
कोरडं लागलं की बिल.

दुर्वाचा हात पहिल्यांदा वळला
तेव्हा ती भाकरी मोडत होती.
बोटं जुळून चोचीसारखी झाली, सुटेनात.
शेजारी म्हणाले फेफरं.
सुलक्षणानं कांदा हुंगवला.

मग परळच्या फेऱ्या. चोवीस तासांची लघवी
पाच लिटरच्या कॅनमध्ये, बसमध्ये मांडीवर.
कंडक्टर म्हणाला, तेल आहे का काका?
हो म्हणालो.

डॉक्टर खंबाटांनी कागदावर विटा काढल्या.
ह्या पेशी. ही मधली दरज.
दरजेत एक प्रथिन असतं, क्लॉडिन सोळा.
ते कसं घडवायचं ते तिसऱ्या गुणसूत्रावर लिहिलेलं,
तिथं एक अक्षर चुकलंय.

दरज म्हटल्यावर मला कळलं.
म्हटलं, मॅडम, म्हणजे सांधा फाटलाय,
मॅग्नेशियम गळतंय. भरता येईल?

त्या हसल्या नाहीत. उलट, म्हणाल्या.
त्या दरजेतूनच ते अंगात परत यायचं असतं.
वाट मिळत नाही, म्हणून निघून जातं.

दार लागलंय म्हणून घर रिकामं होतंय,
असलं काम कुठल्याच गच्चीवर आलं नव्हतं मला.

दोन चुका लागतात. एक आईकडची, एक बापाकडची.
सुलक्षणा माझ्या मामाची मुलगी.
मांडवात सगळे म्हणाले होते, बरं झालं,
घरातलं घरात राहिलं.
ती कागदाकडे बघत बसली.
मग ओल्या बोटानं दोन विटांमधली रेघ
थोडी पुसली.

आता दिवसातून तीनदा पावडर, पाण्यात.
तहान भागत नाही पोरीची.
मूत्रपिंडात चुना धरतोय,
भिंतीला लोणा लागतो तसा. तो खरवडता येत नाही.

काल शिवडीत पाणी तुंबवून आलो.
रात्री दुर्वा झोपल्यावर
तिची बोटं एकेक उघडून पाहिली.
उघडतायत.