कलम दुसरे

गुदैबियात, टायपिंग सेंटरच्या वरच्या खोलीत,
गुरुवारी इशानंतर आम्ही सात वकील.
नमाज पाचांनी हात बांधून पढली, दोघांनी सोडून.
इतिवृत्तात मी ते घेतले नाही.
खाली कुणाचा तरी व्हिसा छापला जात होता,
वर संघटनेची घटना.

पहिले कलम, नाव. दहा मिनिटांत झाले.
दुसऱ्याशी रात्र अडली.
"सभासद मूल्यांना बांधील राहतील."
कोणत्या? हाशिमने विचारले,
आणि त्याचा चमचा करकच्या कपात थांबला.

अमानत, म्हणाला सुदानचा तय्यिब.
इन्साफ, म्हणाली कण्णूरची रैहाना.
खेडचे हमदुलेकाका, ज्यांना तीस वर्षांत
इथल्या न्यायाधीशासमोर एकदाही उभे राहता आले नाही
कारण परदेशी वकिलाचे काम टेबलापुरते,
त्यांनी दोन्ही शब्द लिहून घेतले
आणि पुढे एक स्वल्पविराम देऊन ठेवला,
एसटीत रुमाल टाकावा तसा.

मला अब्बा आठवले.
महाडच्या तहसिलीबाहेर छत्रीखाली अर्ज लिहायचे.
दस्त मोठ्याने वाचायचे, दोनदा.
एकदा कागदासाठी, एकदा अंगठ्यासाठी.
गिऱ्हाईक चुळबुळे. ऊन पायांवर येई.
"अंगठा पुसता येत नाही बाबा, आधी ऐक."
तेवढ्यात शेजारचा चार दस्त उरकून
भज्यांची पुडी सोडून बसलेला असे.
आम्ही पाच भावंडे एका पंख्याखाली झोपायचो
ते त्या दुसऱ्या वाचनापायी.

मग मी बोलले. बोलायचे ठरवले नव्हते.
मागच्या शाबानमध्ये मी एक कागद तयार केला :
"माझे सर्व येणे मला मिळाले. तक्रार उरली नाही."
दोन रकाने, अरबी आणि इंग्रजी.
सही करणारा पाइप फिटर, किनवटचा, सोपान नाव.
अकरा महिन्यांचा ओव्हरटाइम बाकी होता.
माझे आडनाव दारावर वाचून
त्याचा चेहरा जरा सैलावला होता.
"ताई, काय लिवलंय यात?"
मी घड्याळाकडे पाहिले.
"नेहमीचंच आहे," म्हणाले.
आपल्या भाषेत खोटे बोलायला
फार शब्द लागत नाहीत.
कागद कायदेशीर होता. अजून आहे.

कुणी खाकरले नाही.
तय्यिब म्हणाला, माझ्याकडे असे चार.
हाशिम म्हणाला, मी मोजले नाहीत.
सर्वांत धाकटा झुबैर सरगुरोह, लग्नाला सहा महिने झालेले,
त्याने विचारले, आणि अशिलाने काढून टाकले तर?
घरभाडे संघटना देणार?
हा प्रश्न मी शब्दशः नोंदवला.
त्याखालची ओळ कोरी आहे.

काकांनी स्वल्पविरामापुढे लिहिले :
सभासद प्रत्येक दस्त
सही करणाऱ्याच्या भाषेत वाचून दाखवील, दोनदा.
दोनदा कशाला, एकदा पुरे, यावर मतदान झाले.
चार विरुद्ध तीन. दोनदा राहिले.
विरोधातले एक मत रैहानाचे,
जिना उतरताना ती म्हणाली,
दुसऱ्यांदा वाचले तर मला ते ऐकू येईल, म्हणून.

अर्ज मंत्रालयात आहे.
नोंदणी होईल, न होईल.
खिडकीतल्या माणसाने दुसऱ्या कलमावर बोट ठेवून
भुवई उंचावली, शिक्का मात्र मारला, "प्राप्त".

शनिवारी सित्राच्या पुलाअलीकडे गाडी उभी केली.
सोपानचा कॅम्प पलीकडे, तो तिथे आहे की परतला, ठाऊक नाही.
फाइलमधली प्रत काढली, काच वर केली,
आणि तो कागद मराठीत वाचला, मोठ्याने.
पहिल्यांदा सरळ वाचून झाला.
दुसऱ्यांदा
"सर्व"पाशी जीभ अडली,
आणि मागून कुणीतरी हॉर्न दिला.