कल्ले उघडून

कल्ले उघडून बघितले की
सुरमई आजची की परवाची, मी सांगते.
बर्फातला डोळा मला फसवत नाही.
माणसांचे फसवतात.

गेल्या माघात अख्खं हर्णै बंदर
माझ्याकडे बघून हसत होतं, मायेनं.
इस्माईल तांडेलाने नुसती मान हलवली,
मी ती बोली समजले
आणि त्याची सगळी कोळंबी उचलली,
कनवटीला पैसा नसताना.
तो "नको गं, नको गं" म्हणत होता म्हणे.
मला ते लाडातलं ऐकू आलं.

मग चैत्र. तेच लोक, तेच दात.
टोपल्यांमागे कुणी हसलं
की मी पदर चाचपायची.
नऊ दिवस दार लावून होते.

भरती-ओहोटी म्हणू नका हो.
तिची वेळ बंदरावरच्या पोरालाही पाठ असते.

आता रात्री जेवल्यावर लिथियमची गोळी.
दापोलीचे डॉक्टर म्हणतात, बरी आहेस.
बरी आहे.
तरी समोरचा चेहरा लागायला
मला अर्धा क्षण उशीर होतो,
आणि लिलावात अर्ध्या क्षणात
बैलगाडी भरून निघूनही जाते.

म्हणून जाऊ बसते शेजारी. द्रौपदी.
कोयती धुताधुता, मान वर न करता सांगते,
"दमलेय. रागावले नाहीय."
काल म्हणाली, "आज रागावलेय."
कशावरून, तेही सांगितलं:
बर्फाचे पैसे मी दोनदा दिले होते.

इतकं हलकं वाटलं मला.
माझ्या वाटचा बर्फ
तिच्या पापलेटांवर घातला.
ती काही बोलली नाही.
मी विचारलं, "हे काय समजू?"