तीन घोडा

पूर्वी मी रशियन शिकवायचे.
तिथं दोन-तीन-चारचं एक बिऱ्हाड,
पाचाचं वेगळं.
मुलं रडायची, कधी कधी मीही.
मग एका सप्टेंबरात खालून कागद आला:
नर्गिझाबाई, आता इंग्रजी.
म्हटलं, बरं झालं,
शेवटी एक स लावला की काम भागलं.

अकरा मुलं, एक शेगडी,
खिडकीत अर्धा दगडी बुरूज, अर्धा बर्फ.
फळ्यावर लिहिलं: डॉग, डॉग्ज.
तोर्निकेनं हात वर केला.
“बाई, तीन म्हटलं ना एकदा?
मग कुत्र्यानं परत कशाला सांगायचं?”

खरंच की.
आमच्या जॉर्जियनमध्ये आकडा आला
की नाम स्वस्थ बसतं.
ओरी साख्ली: दोन घर.
सामी त्स्खेनी: तीन घोडा.
आकड्याच्या शब्दावर आमचा भरवसा.
इंग्रजीचा नसावा. ती कचेरीतल्या कारकुनासारखी
चष्म्यावरून बघत विचारते,
किती? हं. पुन्हा सांगा, किती?

ग्वांत्साचा दात पडला
त्या आठवड्यात टूथ-टीथ आपोआप झालं,
फक्त तिच्या फटीतून टीथऐवजी वारा यायचा.
फूट, फीट: शेगडीशी ओल्या बुटांची रांग.
शीपवर सगळे खूश.
एक शीप, शंभर शीप!
“बघा बाई, मेंढ्या आपल्यासारखं बोलतात.”
“माऊसचं माइस, मग हाऊसचं हाइस?”
नाही रे.
“का?”
घरं काय उंदरांसारखी पळतात का, म्हटलं.
वेळ मारून नेली.

अंझोर, तोर्निकेचा बाप,
उन्हाळ्यात पाहुण्यांना घोडे भाड्यानं देतो.
रस्त्यावर पाटी: थ्री हॉर्स.
मे महिन्यात पोरगा रंगाचा डबा घेऊन गेला
आणि चूक दुरुस्त करून आला.
फळीवर जागाच नव्हती.
स बसला अगदी कडेला, अंग चोरून,
झिजलेल्या नालेसारखा वाकडा.

पुढचा हिवाळा लांबला.
मार्च उजाडायच्या आत गवत संपलं.
दोन घोडे खाली झुगदिदीच्या बाजारात गेले.
तोर्निकेनं थ्रीवर चुना फासला, वन लिहिलं,
आणि शाळेच्या दाराशी येऊन उभा राहिला,
कुंचला पाठीमागे धरून.
“बाई, स पुसू?”

नियम मला पाठ आहे.
खडूचे हात पदराला नाही, कोटाला पुसले,
शेगडीत उगाच एक लाकूड सारलं.
रंग महाग आहे, म्हटलं. राहू दे.

जुलैत एक परदेशी पाटीसमोर थांबला.
वन हॉर्सेस! हसला,
एकट्या तपकिरी घोड्याकडे बघितलं,
बाकीचे कुठे, असं हातांनी विचारलं.
तोर्निकेनं वरच्या कुरणाकडे बोट केलं.
“दे ईट,” म्हणाला.

क्रियापदाला स लावला नाही.
बरोबर होतं.