वरच्या अंगाची विहीर

विहीर म्हणावी असं काहीच नाही हिच्यात.
काठ नाही, रहाट नाही,
वाकून तोंड पाहावं एवढा पैसही नाही.
दोन इंची पांढरा नळ, तळाशी तीन मीटर चाळण,
चाळणीभोवती धुतलेली वाळू,
वाळूवर बेंटोनाइटच्या गोळ्या:
भिजल्या की फुगतात, वरचं पाणी वरच अडवतात.
डोक्यावर लोखंडी झाकण. झाकणाला कुलूप.
कुलूप बाहेरगावचं.
सागस्तिबारचा कुलपांचा कारखाना
बंद पडून तीस वर्षं झाली.

आवारातल्या सहा विहिरी
बिशेन्तेनं चार दिवसांत पाडल्या.
तो बोलत नाही, गिरमिटाचं ऐकतो.
'रेव' म्हणाला की रेवच येते वर,
मग राखाडी चिकणमाती, मग तो वास:
गोडसर, गार, जुन्या दवाखान्यातला.
यंत्राचा काटा हलायच्या आधी
बिशेन्तेनं तोंडावर मास्क ओढलेला असतो.

सातवी चढावर,
फेलिसाच्या सफरचंदांत.
ती स्वच्छ निघायला हवी, त्यासाठीच असते ती.
पाणी तिच्याकडून कारखान्याकडे जातं,
कारखान्याचं तिला काही लागत नाही.
तिला शून्य धरायचं
आणि खालच्या सहाजणींना तिच्याशी ताडून पाहायचं.

सिरिमिरी होती.
इथला हा पाऊस पडत नाही, हवेत लटकून राहतो.
सत्त्याऐंशीची फेलिसा माझ्यावर छत्री धरून उभी,
कारण मी बाटली भरत होते
आणि बाटलीत बुडबुडा राहता कामा नये.
काठोकाठ, काठाच्याही वर,
पाण्याला बाक येईपर्यंत.
झाकण. उलटी. टिचकी.
मसुराएवढी हवा राहिली तरी
जे शोधायचं तेच उडून जातं.

"आम्ही किल्ल्या अशाच बघायचो," ती म्हणाली,
"उजेडाकडे धरून."
एकवीस वर्षं ट्रायक्लोरच्या हौदाशी.
हातमोजे?
हसली. बोटं पुढं केली.
ओळखपत्राच्या वेळी पोलिसानं तीनदा शाई लावली होती,
ठसा उमटेचना.

अकरा दिवसांनी प्रयोगशाळेचा कागद.
शून्याच्या जागी एकशे चाळीस.
कंपनीची वकील इचारो फोनवरच खुलली:
"बघा, वरूनच येतंय!"
आडात नाही तर पोहऱ्यात कुठून येणार;
पण पोहऱ्यात आलं होतं.
नवी दोरी, नवा पोहरा, पुन्हा नमुना.
एकशे अडतीस.

मग फेलिसाकडे गेले. कागद नेला नाही.
तिनं विचारायची वाटही पाहिली नाही.
"इनाथियो दर शनिवारी डबा आणायचा. पाच लिटर.
मुकादम तेवढ्यापुरता पाठ फिरवायचा.
मोटारसायकलची साखळी, शेजाऱ्यांची कुलपं,
लग्नातला कोटसुद्धा त्यातच धुतला.
डाग गेला बघ, कापड नाही गेलं."

आणि उरलेलं?

तिनं बोट दाखवलं नाही.
नुसता पडदा सरकवला.
तिसरं झाड. दोन हंगाम फळ धरलं नाही त्यानं,
मग धरायला लागलं
आणि घरातलं सगळं विसरायला झालं.
"तू लिहिणार हे?"

लिहायचं तर होतंच.
कंपनीची शेकडो पिंपं, इनाथियोचे शनिवार,
पाण्यात उतरल्यावर दोघांचं नाव एकच.
पण अहवालात 'स्रोत' असा एक रकाना असतो
बोटभर लांबीचा,
आणि त्यात पिंपाआधी डबा लिहिला
तर इचारो तिथेच वाचन थांबवणार.

सोमवारी बिशेन्ते गाडी घेऊन परत आला.
आठवी घ्यायची, आणखी वर.
बागेच्या कुंपणापलीकडे, मेंढ्यांच्या कुरणात
त्यानं टाच रोवली.
"इथे?"

फेलिसा छत्री घेऊन मागून आली होती.
कुरणाच्या वर नेचाचं रान माजलं होतं,
त्यात एका जोत्याचे चार दगड.
तिकडे बघत म्हणाली,
"तिथे ओचोआंचं घर होतं.
तेही कारखान्यातच होते, बाबा."